शिधा: हक्क की मेहेरबानी?

या सत्रातील आंतर-हाउस मराठी वादविवाद स्पर्धेचा विषय असा होता: 'अन्न, पाणी आणि निवारा हे माणसाचे नैसर्गिक हक्क आहेत, कायद्याने दिलेले नव्हेत.' मी परीक्षकांपैकी एक होतो. परीक्षकाला गुण देता येतात, मत देता येत नाही. म्हणून ते मत या पानावर मांडतो आहे.

अनुकूल बाजूचे म्हणणे होते की भूक जन्मासोबत येते, तिला कोणत्याही सरकारची मंजुरी लागत नाही. तेव्हा ती भागवण्याचा हक्कही जन्मासोबतच येतो. प्रतिकूल बाजू म्हणाली की ज्या हक्कासाठी न्यायालयात जाता येत नाही, तो हक्क नव्हे, ती केवळ सदिच्छा. दोन्ही बाजू तयारीने बोलल्या. पण सर्वांत जास्त टाळ्या मिळाल्या त्या तिसऱ्याच एका वाक्याला. एका कॅडेटने विचारले, "आपण सैनिकी शाळेत आहोत. इथे आपल्याला कर्तव्य शिकवतात. मग हक्कांची चर्चा कशाला?"

हा प्रश्न टाळ्यांवर सोडून देण्यासारखा नाही. माझे मत आधीच सांगतो. मूलभूत गरजांवरचा हक्क मुळात नैसर्गिक आहे. तो माणसाच्या हातात पडतो मात्र कायद्यामुळे. आणि तो हातात पोहोचवण्याचे काम अनेकदा गणवेशातल्या माणसाकडे येते. त्यामुळे हा विषय सैनिकी शाळेला परका नाही, उलट फार जवळचा आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. नैसर्गिक हक्क म्हणजे केवळ माणूस म्हणून जन्माला आल्यामुळे मिळालेला, राजा किंवा सरकार यांच्याही आधीचा हक्क. सतराव्या शतकात जॉन लॉक या इंग्रज विचारवंताने जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांबद्दल अशीच मांडणी केली. कायदेशीर हक्काला मात्र तीन गोष्टी लागतात: देणारा कोण, किती द्यायचे, आणि दिले नाही तर दाद कुठे मागायची. लॉकनंतर सुमारे शंभर वर्षांनी जेरेमी बेंथॅम म्हणू लागला की कायद्यावाचून हक्क असूच शकत नाही, बाकी सारी पोकळ भाषा आहे. आपल्या सभागृहात झाला तो वाद इतका जुना आहे. पण ग्रंथांपेक्षा एका ताटाकडे पाहिले तर तो लवकर समजतो. ते ताट युद्धकैद्याचे आहे.

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. सैनिक आणि त्यांच्याबरोबरचे मुलकी लोक धरून सुमारे ९३,००० माणसे भारताच्या ताब्यात आली. त्यांना भारतातील छावण्यांत ठेवण्यात आले आणि त्यांची परतपाठवणी १९७४ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ इतक्या लोकांना रोज जेवण, पाणी, अंथरूण-पांघरूण आणि औषधपाणी पुरवावे लागले. हे सगळे त्या काळात, जेव्हा आपल्याच देशात बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांचा भार नुकताच पेललेला होता आणि १९७२ मध्ये महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला होता.

आता विचार करा. तो कैदी या देशाचा नागरिक नव्हता. त्याने इथे एक पैशाचा कर भरलेला नव्हता. काही तासांपूर्वी तो आपल्याच जवानांवर गोळ्या झाडत होता. 'आधी कर्तव्य, मग हक्क' हा नियम लावला तर त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. तरीही १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार सांगतो की कैद्याला प्रकृती चांगली राहील, वजन घटणार नाही इतके आणि अशा प्रकारचे अन्न मिळाले पाहिजे. ते देताना त्याच्या नेहमीच्या आहाराचा विचार झाला पाहिजे. पिण्याचे पाणी पुरेसे मिळाले पाहिजे. आणि शिस्तीची कारवाई म्हणून सर्वांचे जेवण तोडता येणार नाही, असेही त्याच कलमात आहे. शत्रू आपल्या कैद्यांना वाईट वागवतो म्हणून आपणही सूड उगवायचा, यालाही हा करार मनाई करतो. भारताने १९६० मध्ये या करारांसाठी स्वतंत्र कायदाही केला.

या ताटातले अन्न बक्षीस म्हणून आलेले नाही, देवाणघेवाण म्हणूनही नाही. त्या माणसाला पोट आहे आणि ते भरण्याचे साधन आता त्याच्या हातात उरलेले नाही, एवढ्याच कारणाने ते आले आहे. कायद्याच्या आधीचे ते कारण म्हणजेच नैसर्गिक हक्क.

मग कायदा कशासाठी? याचेही उत्तर युद्धकैद्यांच्याच इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक जर्मनीच्या कैदेत पडले आणि त्यांपैकी ३० लाखांहून अधिक मेले. भूक हे त्या मृत्यूंचे एक मोठे कारण होते. सोव्हिएत संघाने युद्धकैद्यांविषयीच्या १९२९ च्या जिनिव्हा कराराला मान्यता दिलेली नाही, ही सबब जर्मनीने पुढे केली. कागदावर सही नाही, म्हणून भाकरी नाही. त्या कैद्यांचा नैसर्गिक हक्क तसूभरही कमी झालेला नव्हता, पण तो बजावून घेणारे कोणी तिथे नव्हते. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या न्यायाधिकरणाने ही सबब मान्य केली नाही. करार असो वा नसो, कैद्यांना असे वागवता येत नाही, असे तत्त्व त्याने धरले. मला या एका प्रकरणात वादविवादाच्या दोन्ही बाजू दिसतात. कायदा नसल्याने माणसे मेली, हे खरे. आणि कायदा नसतानाही तो गुन्हाच होता, हेही खरे. बेंथॅमचेच सगळे खरे मानले तर न्यूरेंबर्गमध्ये निवाडा कशाच्या आधारावर करायचा, हा प्रश्न उरतो.

दुसरे उदाहरण आपल्या मातीतले आहे, ते पाण्याचे. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क आला. पण पुढची तीन वर्षे त्या तळ्यावर जाऊन पाणी पिण्याची सोय कोणाला झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो ठराव जिवंत झाला. त्याची किंमत त्याच दिवशी मार खाऊन मोजावी लागली. मग दावा झाला, मनाई हुकूम आला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

तो निकाल बाजूने लागला, पण कशावर लागला ते पाहण्यासारखे आहे. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादि काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, या मुद्द्यावर. माणसाला तहान लागते आणि पाणी हा त्याचा हक्क आहे, या मुद्द्यावर नव्हे. कायद्याची भाषा अशी अरुंद असते. तिला पुरावा लागतो, मुद्दा लागतो. महाडला गेलेली माणसे मात्र रूढीचा पुरावा तपासायला गेली नव्हती. जनावरे जे पाणी पितात ते माणसाला नाकारले जाते, याची चीड त्यांना तिथे घेऊन गेली होती. लष्कराशी नाते असणाऱ्या आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट नमूद करतो: बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि बाबासाहेबांचा जन्म महूच्या लष्करी छावणीत झाला. सुभेदाराच्या मुलालाही सार्वजनिक तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षे कोर्टात काढावी लागली.

याच बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने राज्यघटनेचा मसुदा केला. त्यात मूलभूत हक्क तिसऱ्या भागात आहेत आणि त्यांच्यासाठी थेट न्यायालयात जाता येते. पोषण, राहणीमान, उपजीविका या गोष्टी चौथ्या भागात, मार्गदर्शक तत्त्वांत आहेत. त्या न्यायालयामार्फत बजावता येत नाहीत, असे कलम ३७ स्पष्ट सांगते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब देशाला सगळ्यांच्या पोटाची हमी न्यायालयात देणे शक्य नव्हते. पण त्याच कलमात ही तत्त्वे देशाच्या कारभाराला मूलभूत आहेत, असेही लिहून ठेवले आहे. थोडक्यात, गरज मान्य केली आणि बजावणी पुढच्या पिढ्यांवर सोपवली.

त्या पिढ्यांनी ते काम हळूहळू केले. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा अर्थ सांगताना म्हटले की जगणे म्हणजे नुसते श्वास घेणे नव्हे. पुरेसे पोषण, वस्त्र आणि निवारा या किमान गोष्टी त्यात येतात. हा खटला तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या एका परदेशी महिलेचा होता. इथेही पुन्हा कैदीच, आणि परकीयच. १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवरील रहिवाशांच्या खटल्यात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क मान्य केला. मात्र रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवण्याचा पालिकेचा अधिकारही मान्य केला. हक्क मिळाला, छप्पर मिळाले नाही. २००१ मध्ये सरकारी गोदामे धान्याने भरलेली असताना माणसे उपाशी का, असा प्रश्न न्यायालयापुढे आला. त्यातूनच सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेले मध्यान्ह भोजन देण्याचा आदेश निघाला. पुढे २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला आणि ग्रामीण भागातील ७५ टक्के व शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्येपर्यंत, दरमहा माणशी ५ किलो धान्य हा कायदेशीर हक्क झाला.

५ किलोत महिना निघतो का, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण या आकड्याचे मोल दुसरीकडे आहे. ज्यांचे वडील किंवा काका फौजेत आहेत त्यांना ठाऊक असेल की सैन्यात शिध्याचे 'स्केल' ठरलेले असते: माणशी इतकी डाळ, इतके पीठ, इतके तेल. ते स्केल लिहिलेले असल्यामुळेच कमी आले तर जवान विचारू शकतो. भुकेला माप नसते. कायदा तिला माप देतो, आणि माप असले की चोरी पकडता येते. रेशन दुकानदाराने तीन किलो हातावर ठेवले तर आज बाईला 'माझे दोन किलो कुठे?' असे म्हणता येते, आणि तिथे दाद मिळाली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी व राज्य अन्न आयोग यांच्याकडे जाता येते. पूर्वी तिला 'थोडे वाढवून द्या हो' म्हणावे लागे. या दोन वाक्यांतला फरक हाच हक्क आणि मेहेरबानी यांतला फरक.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि पालक सभांतही मी तो ऐकला आहे: फुकट मिळाले की माणूस आळशी होतो. याला महाराष्ट्राने आपल्यापुरते एक उत्तर शोधले होते. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला, पाझर तलाव खणायला उतरली. त्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या आग्रहामुळे, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला: मागेल त्याला काम, आणि मुदतीत काम देता आले नाही तर भत्ता. यात कष्ट होते आणि हक्कही होता. पुढे २००५ मध्ये साऱ्या देशासाठी असा कायदा झाला. पण लहान मूल, म्हातारी, आजारी माणूस खडी फोडू शकत नाही, आणि त्यांची भूक कमी नसते. म्हणून कामाची अट सर्वांना लावता येत नाही. कैद्याच्या ताटाने तेच दाखवले आहे.

आता त्या टाळ्या मिळवणाऱ्या प्रश्नाकडे वळतो. कर्तव्य शिकणाऱ्याने हक्कांची चर्चा का करावी? कारण आपण ज्याला कर्तव्य म्हणतो ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हक्काचेच दुसरे नाव असते. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या तळावरील लष्करी अधिकाऱ्यांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण पावसाळाभर पुरेल अशी जपून खर्च करा, लागेल ते बाजारातून विकत घ्या, रयतेला उपद्रव देऊ नका, असा त्याचा आशय आहे. घोड्याच्या वैरणीचा हिशोब आणि कुणब्याच्या घरातले धान्य यांचा संबंध त्या पत्रात सरळ जोडलेला आहे. तळावर उधळपट्टी झाली तर उद्या सैनिक कुणाच्या तरी घरात शिरणार. सैनिकाची शिस्त ही रयतेच्या भाकरीची हमी आहे, हे महाराजांना समजले होते.

तुमच्यापैकी अनेक जण अधिकारी होतील. मग कधीतरी तुमच्यावर पुराची वेळ येईल. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूर पाण्याखाली गेले तेव्हा सैन्याच्या तुकड्या बोटी घेऊन गावागावांत गेल्या. बोटीत घेताना कोणी रेशनकार्ड विचारले नाही. विचारले असते तर आपल्याला लाज वाटली असती. बोट नैसर्गिक हक्कावर चालते. पण पाणी ओसरते, बोट परत जाते, आणि मग तोच माणूस पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट पाहत बसतो. तिथे त्याला कायदाच उपयोगी पडतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात अन्न, पिण्याचे पाणी, निवारा आणि औषधोपचार यांचे किमान निकष ठरवण्याची तरतूद आहे. तरी अशा वेळी मिळणाऱ्या पैशाला आपण अजून 'सानुग्रह अनुदान' म्हणतो. सानुग्रह म्हणजे कृपेने दिलेले. कायदा बदलला, शब्द मागे राहिला. आणि शब्द मागे राहिला की देणाऱ्याची मान ताठ आणि घेणाऱ्याची खाली राहते.

म्हणून दोहोंपैकी एकच निवडा, असे कोणी म्हटले तर मी नैसर्गिक हक्क आधी ठेवीन. कायदा आधी ठेवला तर ज्याचे नाव यादीत नाही, ज्याच्याकडे कार्ड नाही, जो दुसऱ्या देशाचा आहे, त्याला आपण काहीच देणे लागत नाही, असे म्हणावे लागेल. तसे म्हणणारा अधिकारी मला नको आहे. पण नैसर्गिक हक्कावर थांबलो, तर आपण भल्या मनाच्या माणसांच्या भरवशावर राहू, आणि महाडने दाखवले आहे की तेवढ्यावर तहान भागत नाही.

शेवटी आपल्या घरातला विषय. कोणत्याही निवासी सैनिकी शाळेत मेसचा मेनू लिहिलेला असतो, प्रत्येक कॅडेटचा वाटा ठरलेला असतो. म्हणजे कायदेशीर हक्क आहे. पण सहावीतल्या मुलाला नाश्त्याच्या वेळी सीनियरने बूट पॉलिश करायला किंवा काही आणायला पाठवले आणि तो परत येईपर्यंत मेस बंद झाली, तर तो कोणाला सांगतो? कोणालाच नाही. त्याच्या वाट्याचे दूध किंवा रविवारची मिठाई दुसऱ्याच्या ताटात गेली, तरी तो घरी फोनवर 'जेवण चांगले आहे' एवढेच सांगतो. पालकहो, हे वाक्य कधी कधी खरे असते आणि कधी कधी नसते. परंपरा, मस्करी, कणखर बनवणे, अशी नावे याला दिली जातात. मैदानाला फेऱ्या घाला, रगडा लावा, पॅक ड्रिल द्या. नियमात बसणाऱ्या शिक्षेला माझी हरकत नाही. पण ताटाला हात लावू नये. जिनिव्हा करार शत्रूच्या कैद्यांना जे संरक्षण देतो, ते आपल्या धाकट्या हाउसमेटला मिळू नये का?

माझी एक साधी सूचना आहे. प्रत्येक जेवणाला हाउसनिहाय मोजणी व्हावी. कोण जेवला नाही आणि का, याची नोंद हाउस कॅप्टनने त्याच वेळी करावी आणि ड्यूटीवरच्या शिक्षकांनी ती वाचून सही करावी. ज्याला कामाला पाठवले असेल त्याचे ताट झाकून ठेवले जावे. हे करायला पैसा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. आणि सीनियर कॅडेटने शेवटचा ज्युनियर वाढून घेईपर्यंत स्वतः बसू नये. फौजेत चांगले अधिकारी जवानांची जेवणे झाल्यावर जेवतात. त्यात ते जवानांवर उपकार करत नाहीत. डेहराडूनच्या अकादमीत शिकवला जाणारा क्रमही तोच आहे: प्रथम देश, मग आपल्या हाताखालची माणसे, आणि सर्वांत शेवटी आपण. त्या क्रमाची सवय अकादमीत गेल्यावर लागत नाही, ती इथल्या मेसमध्ये लागते.